हार्लनने सजवलेली फळी

पानगळ सुरू झाली की लोइस क्रेबिलच्या फायरप्लेसवरची फळी बघायला आमच्या गल्लीतल्या बायका उगाचच वाटीभर साखर मागायला जायच्या. मीही जायचे. ओहायोतल्या आमच्या या गावात दुकानातून तयार सजावट आणणाऱ्या पुष्कळ आहेत, पण लोइस दहा डॉलरच्या वर कधी गेली नाही. ओढ्याकाठची लाल फळांची वेल, शेतात पडून राहिलेली कणसं, बाजारात कुणी न घेतलेले वाकडेतिकडे भोपळे. तिचा हात लागला की त्यांचं सोनं व्हायचं.

मार्चमध्ये ती गेली. मागे राहिला हार्लन. एकतीस वर्षं शाळेची बस चालवलेला, आणि सजवलेल्या फळीवर चष्मा ठेवून बायकोची बोलणी खाणारा. दफन झालं त्या दिवशी तो मुलीला, ट्रुडीला, म्हणाला होता, "विकून टाक सगळं." उन्हाळाभर त्याने खिडक्यांचे पडदेसुद्धा उघडले नाहीत. मग ऑक्टोबरात ट्रुडीचा कोलंबसहून फोन आला, रविवारी वृद्धाश्रमाचे कागद घेऊन येते म्हणून. तेव्हा कुठे हा गडी खडबडून जागा झाला. घर सोडायची वेळ आली, आणि त्याला ते सोडायचं नव्हतं.

गुरुवारी तो माझ्या दारात उभा. हातात बादली, बादलीत ओकच्या झाडाची टोपीवाली फळं काठोकाठ.

"नोरीन, लोइस ही कशात ठेवायची गं?"

"काचेच्या मोठ्या वाडग्यात. पण तू हे काय मांडलंयस?"

"फळी सजवतोय. पोरीला दिसू दे, घर अजून घर आहे ते."

मला हसू आलं, आणि लगेच स्वतःचा रागही आला. बाकीची कामं टाकून मी त्याच्याबरोबर गेले. त्याने वेल टांगली ती पहिल्यांदा उलटी. भोपळे तर बसमध्ये पोरं बसवावीत तसे रांगेत बसवले. मी दोन हलवले, त्याने परत जागेवर ठेवले. "माझी फळी आहे," म्हणाला. वाडगा मधोमध मांडून तो मागे सरला आणि बराच वेळ बघत राहिला. लोइसची सर नव्हती, पण खरं सांगते, माझा ऊर भरून आला.

रविवारी ट्रुडी आली. त्याने मलाही हट्टाने बोलावून घेतलं होतं, धीराला. फळी पाहून ती दारातच थबकली. मग फायरप्लेसजवळच्या खुर्चीत बसली आणि तिने कागद मांडीवर घेतले. तेवढ्यात वरून काहीतरी टपकन कागदावर पडलं. पांढरी, लठ्ठ अळी. मग दुसरी. आम्ही वर पाहिलं, तर वाडग्याच्या काठावरून अळ्यांची जत्रा निघालेली. खोलीच्या उबेने सगळ्या फळांतून बाहेर पडल्या होत्या.

हार्लनचं तोंड एवढंसं झालं. "झालं," तो पुटपुटला. "आण ते कागद. करतो सही."

"बाबा," ट्रुडी म्हणाली, "तू ही भाजली नाहीस?"

"काय भाजायचं?"

"फळं! आई ओव्हनमध्ये मंद आचेवर दीड तास भाजायची, कीड मरावी म्हणून. मी लहानपणी ट्रे हलवायचे. इतकी वर्षं घरात राहून तुला पत्ता नाही?"

"वास यायचा," हार्लन म्हणाला. "मला वाटायचं, केक करते आणि मला देत नाही."

ट्रुडी हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे वाहू लागले, मग मीही सुरू झाले. तिने अळ्यांसकट कागद उचलून केराच्या डब्यात टाकले, वाडगा स्वयंपाकघरात नेला आणि ओव्हन लावला. हार्लन तिच्या मागे मागे.

"टाकलेस का गं ते? एवढी घाण करून ठेवली मी."

ट्रुडीने ट्रे त्याच्या हातात दिला.

"मी घर स्वच्छ आहे का ते बघायला आले नव्हते, बाबा. तुला अजून जगायचंय का, ते बघायला आले होते. चल, पसरव नीट. एकावर एक नकोत."