सोमवारचा शिक्का

माझी नात पार्सलच्या खिडकीवर बसते. बारा वर्षं झाली. लोक पुडकं आत सरकवतात, ती वजन करते, पावती फाडते, तारखेचा शिक्का मारते. तिकडे तिला सगळे शिक्केबाई म्हणतात, आणि तेच नाव आता घरीही पडलंय. बोलणं अगदी बेताचं. कुणी अर्धवट पत्ता लिहून आणला तर ती रागवत नाही, नुसतं पेन पुढे करते. समोरचा आपोआप वरमतो. तिची आई लवकर गेली, म्हणून मीच तिला वाढवलं. पण ही विद्या माझ्याकडची नाही. मी बोलून बोलून माणसाला नको करून सोडते.

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर दुसऱ्यांची वरखाली सोय लावतो आणि स्वतः हो-नाहीच्या मध्ये अडकून राहतो. माणूस सोन्यासारखा. पण काही विचारा, ‘तू म्हणशील तसं.’

दोन वर्षांपूर्वी त्यांचं पहिलं मूल गेलं. दिवस पुरे भरले होते, तारीख उलटली होती. तेव्हाही डॉक्टरांनी विचारलं होतं, औषध देऊन कळा आणायच्या की आपसूक यायची वाट बघायची. मीच म्हणाले, थांब गं, फळ पिकलं की आपणहून पडतं, माझी चारही अशीच झाली. ती थांबली. तिसऱ्या दिवशी सकाळी पोटातली हालचाल बंद झाली. डॉक्टर म्हणाले, यात कुणाची चूक नाही, कधीकधी असं होतं. शिकलेली माणसं, खरंच सांगत असतील. पण त्यानंतर ‘थांब’ हा शब्द मी दूध उतू जातानाही तोंडातून काढला नाही.

ती रडली नाही. महिन्याने कामावर गेली, शिक्के मारायला लागली. मीही भाजी चिरायला लागले. घर चालू होतं, जसं पाहुणे गेल्यावर पंखा चालू राहतो.

दुसऱ्या खेपेला तिने पाचव्या महिन्यापर्यंत कुणाला सांगितलं नाही, डॉक्टरांनाही नाही. मला दिसत होतं. एके दिवशी मी विचारलं, ‘कपड्यांची शिवण उसवू का?’ ती म्हणाली, ‘उसव.’ झालं, तीच बातमी. टोपडं नाही, दुपटं नाही, कपाटातला एक कप्पा रिकामा करून ठेवला तेवढाच.

डॉक्टरीणबाईंनी पाळीची तारीख विचारली तेव्हा तिने पर्समधून एक चिठ्ठी काढून दिली. चिठ्ठीवर काही लिहिलेलं नव्हतं, नुसता शिक्का. पहिल्या वेळी तिला तारीख नीट आठवली नव्हती, ते तिच्या मनाला लागलं होतं. तेव्हापासून दर महिन्याला, पाळी आली त्या दिवशी, खिडकीवर बसल्या बसल्या एका चिटोऱ्यावर शिक्का मारून ठेवायची. बाई म्हणाल्या, सोनोग्राफी उशिरा झाली, तिच्यात आठ-दहा दिवस इकडेतिकडे होतात, त्यापेक्षा ही चिठ्ठी बरी. आणि त्यावरून दिवस मोजले.

मोजलेला दिवस आला आणि गेला. डॉक्टरीणबाई आधीपासूनच म्हणत होत्या की मागचं बघता वेळेवर कळा आणू या. ही नाही म्हणायची. पाचव्या दिवशी त्यांनी समोर बसवून दोन्ही रस्ते सांगितले. उद्या दाखल व्हायचं, औषध ठेवायचं, लागली तर सलाईन, एखादा दिवस लागेल, कळा जरा जास्त जोरात येतात, क्वचित ऑपरेशन करावं लागतं. नाहीतर थांबायचं, पण रोज येऊन ठोके तपासायचे. ‘सात दिवसांच्या पुढे मात्र मी थांबू देणार नाही,’ त्या म्हणाल्या. ‘तेवढं तरी कबूल करा.’

हिने मान हलवली. सात म्हणजे सात. नियमाची बाई आहे.

बाहेर बाकावर मी नातजावयाकडे बघितलं. तो हातातली फाईल सुलटी-उलटी करत होता. म्हणाला, ‘ती म्हणेल तसं.’ मी म्हटलं, अरे, लिफ्टलासुद्धा कुणीतरी बटण दाबावं लागतं. त्याने मान खाली घातली. मला नंतर वाईट वाटलं. मी तरी कुठे दाबत होते?

घरी आल्यावर ती डाव्या कुशीवर पडली आणि मी शेजारी बसले. मूल किती वेळा हलतं ते रोज दुपारी मोजायचं असायचं. ती ‘हं’ म्हणायची, मी मोजायचे. त्या दिवशी दहा व्हायला नेहमीपेक्षा बराच वेळ लागला.

मग ती छताकडे बघत म्हणाली, ‘आजी, आत आहे तोवर आहे. बाहेर काढलं की कळणार, आहे की नाही.’

दोन वर्षांत ती एवढं लांब वाक्य बोलली नव्हती. माझ्या तोंडून जे पोटात होतं तेच आलं. ‘मागच्या वेळी थांब म्हणणारी मी होते गं.’

‘माहीत आहे. तू म्हणाली नसतीस तरी मी थांबलेच असते.’

बस, एवढंच. ओझं उतरलं असं सांगितलं तर खोटं होईल. ते जागच्या जागी होतं, फक्त आता त्याला दोघींचे हात लागले होते.

हातांना काम म्हणून मी फाईल लावायला घेतली. ती चिठ्ठी वरच होती. मी सहज म्हटलं, ‘हा महिना आठवतो मला. तुझ्या नणंदेचं घर बदलायचं होतं आणि तू पोटाला गरम पाण्याची पिशवी लावून पडली होतीस. सगळी भांडी मी एकटीने कागदात गुंडाळली.’

‘ते शनिवारी,’ ती म्हणाली.

‘असेल शनिवार.’

तिने हात पुढे केला, चिठ्ठी घेतली, मोबाईलमध्ये मागचे महिने काढले. तिचा अंगठा हवेतच फिरला, चाक फिरवावं तसा. मग ती हळूहळू उठून बसली.

‘आजी, हा सोमवारचा शिक्का आहे.’

मला काही उमजलं नाही. तिने सांगितलं. संध्याकाळी खिडकी बंद केली की शिक्क्याची चाकं पुढच्या कामाच्या दिवसावर फिरवून ठेवायची, म्हणजे सकाळी रांग खोळंबत नाही. इतर महिन्यांच्या चिठ्ठ्या तिने भर दुपारी मारलेल्या. ही मारली गुरुवारी, खिडकी बंद झाल्यावर, निघता निघता. शुक्रवार सुट्टीचा, मग शनिवार-रविवार, तेव्हा खिडकी बंदच असते. शिक्का सोमवारवर गेलेला होता. बारा वर्षं दुसऱ्यांच्या तारखा तपासणाऱ्या बाईने स्वतःची तपासली नव्हती.

‘चार दिवस,’ ती म्हणाली. ‘आज पाचवा नाही, नववा आहे.’

सातची कबुली कधीच मागे पडली होती. तिने नवऱ्याला हाक मारली. आवाज चढवला नाही, खिडकीवरून पुढच्या माणसाला बोलवावं तशी. ‘बॅग घे. उद्या नाही, आत्ता जायचं.’

तो बूट घालूनच खोलीत आला.

डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी पाहिली, ऐकून घेतलं, ठोके तपासले आणि लगेच औषध ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी झाली. आधी काही ऐकू आलं नाही. मी दाराबाहेर भिंतीला हात लावून उभी होते, भिंत गार होती, एवढंच मला कळत होतं. मग रडणं आलं. बारीक, चिडकं, कुणी झोपमोड केल्यासारखं.

आत गेले तेव्हा तिचे डोळे कोरडेच होते, माझेही. आनंद वगैरे म्हणतात तो आला नव्हता, वाटेत असेल. नर्सबाई मुलीच्या मनगटावर पट्टी बांधत होत्या. हिने ती वाचली, भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं, परत पट्टी वाचली. मग नर्सबाईंना विचारलं, ‘आजचीच ना?’

‘आजचीच,’ नर्सबाई म्हणाल्या.

तिने मुलीच्या छातीवर तळवा ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, ‘आजी, मी जरा डोळे मिटते. तू मोज.’

मी स्टूल ओढून बसले. श्वास मोजायला लागले. मला शंभरापर्यंतच नीट येतं. शंभर झाले की पुन्हा एकपासून.