वाळवंटातला राब

मुरबाडहून शहापूरला निघालेली एसटी सरळगावच्या पुढे पंक्चर झाली आणि मी कपाळाला हात लावला. वैशाखाचं ऊन, गुडघे बोलायला लागलेले, आणि जायचं कशाला, तर एक चित्र बघायला! किन्हवलीच्या सुगंधाचा, माझ्या मावसबहिणीचा निरोप होता, "दादा, तू ड्रॉइंग मास्तर. येऊन सांग." तिचा मुलगा मिलिंद फौजेत, राजस्थानच्या सीमेवर. तिकडे तणातणी चाललेली. रजेवर आला, ओटीच्या भिंतीवर वाळवंटातली लढाई रंगवली आणि परत गेला. तेव्हापासून बाई धड जेवत नव्हती.

किन्हवलीला उतरलो तेव्हा दुपार टळली होती. सुगंधाने पाणी दिलं, नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. स्वतः मात्र घास घेईना.

"आधी बघ," ती म्हणाली. "हा पालथा पडलाय ना, तो माझा मिलिंद तर नाय?"

भिंतभर पिवळी वाळू, दोन रणगाडे, धावणारे जवान, तोफगोळ्यांचा धूर. कोपऱ्यात तो पालथा.

"अगं, तोंड कुणालाच नाही. त्याला शाळेपासून तोंडं जमत नाहीत!"

ती हसली नाही. मला वाईट वाटलं.

दमून मी समोर नुसता बघत बसलो. मग धूर खटकला. गोळा फुटला की धूर उसळून वर जायला हवा. इथे तो जमिनीलगत लोळत होता आणि लाल धग काठाकाठाने सरकत होती. अरे, हा तर राब (भाताची रोपं करायच्या जागी पालापाचोळा, शेण पसरून, वर माती टाकून जाळतात तो)! येताना शेताशेतात हेच बघत आलो होतो.

"सुगंधा, यानं लढाई पाहिलेलीच नाही गं. धूर म्हणून पोराला आपला राबच ठाऊक!"

ती उठली. भिंतीवरच्या धुराला हात लावला. "हो रे दादा. राबच हाय हा." डोळे पुसले आणि माझ्याच ताटातली अर्धी भाकरी मोडून घेतली. मलाही हायसं वाटलं.

संध्याकाळी ती स्टँडवर पोचवायला आली. मी म्हटलं, "आता या उन्हात मला पुन्हा बोलावू नको बाई."

"नाय बोलवत. पुढल्या रजेला त्याला दुसरं चित्र काढाय लावीन. धूर वर गेलेला दिसला, तरच बोलवीन."

परतीच्या एसटीत खिडकीतून राबाचा धूर आत आला. डोळे चुरचुरले, खोकला आला. एरवी मी शिव्या घातल्या असत्या. त्या दिवशी मनात म्हटलं, बाबा रे, असाच खाली लोळत राहा.