गाडी विकली, ढोलकी आतच राहिली

गाडी विकायच्या आधी त्यातला पेनड्राइव्ह काढावा एवढं कळत नसेल, तर शिकून काय दिवे लावले?

माझ्या थोरल्याला विचारतेय. ग्रुपवरच्या बाकीच्यांना नमस्कार.

आज आमच्या मालकांना, थोरल्याच्या वडलांना, जाऊन वर्ष झालं. संध्याकाळी पिंपळे गुरवला घरी माणसं येतील. फोटो आहे, हार आहे.

ढोलकी नाही.

मालक कंपनीत प्रेस शॉपला, पत्रा ठोकायच्या मशीनवर. खंडेनवमीला मशीनची पूजा झाली की तिथंच भजन, आणि ढोलकी ह्यांची. एका वर्षी कुणीतरी टेप केली. तेवढी एकच कॅसेट.

मला तिचा वीट. मला सिनेमातली गाणी लागायची. घरात टेप एक, ऐकणारे दोन.

"बंद करा ते बडवणं."

"आधी तुझी ती रडकी बाई बंद कर."

पुढं प्रेसच्या दणक्यानं ह्यांचे कान गेले. मग टेपवर तळवा ठेवून बसायचे. हातानं ऐकायचे.

टेप बिघडली. थोरल्यानं ढोलकी पेनड्राइव्हमध्ये भरून आणली, कॅसेट भंगारात दिली.

"आई, आता कोण ठेवतं कॅसेट?"

पेनड्राइव्ह मोबाइलला जोडून लावून दिली. मालकांनी फोन मुठीत धरला आणि परत दिला.

"ह्यात जीव न्हाई."

थोरल्याच्या गाडीच्या दारात मात्र मोठा स्पीकर. तिथं तळवा टेकवला आणि दुसऱ्या हाताची बोटं मांडीवर चालायला लागली. मग दर रविवारी रावेतपर्यंत चक्कर. पेनड्राइव्ह गाडीतच राहिला.

गेल्या आठवड्यात गाडी विकली. चाकणला कंपनीत असलेल्या एका पोरानं घेतली म्हणे. एजंट नंबर देत नाही. थोरला म्हणतो, "एका पेनड्राइव्हसाठी मागं लागणं बरं दिसतं का?"

त्याला लाज वाटते. मला नाही वाटत.

चाकणला ओळखीचं कुणी असेल तर हे पुढं पाठवा.

पोरा, गाडी पांढरी. पुढच्या डाव्या दाराचा स्पीकर हात लागून लागून गुळगुळीत झालाय. तुझी डीजेची गाणी त्यात भरली असशील तर भर बाबा, पण ढोलकी पुसू नको.

पुसली असशील तर तसं सरळ सांग. मी रडणारी बाई नाही.

मालक, जरा दम धरा. शोधतेय.

हात जोडलेली चित्रं कुणी टाकू नका. थोरल्या, तू तर तोंडच उघडू नको.

ज्याच्याकडं गाडी आहे, त्यानंच उत्तर द्यायचं.