मामाची तार

माझा मामा बत्तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करतोय आणि स्वतः मात्र जिन्याने चढतो. का, विचारलं तर म्हणतो, "तिची नस न् नस ठाऊक आहे, म्हणून."

दार उघडं असलं की लिफ्ट जागची हलत नाही. तपासणीपुरतं तिला फसवायला मामा दाराच्या स्विचला तारेचा तुकडा जोडतो, आणि ती तार खिशात परत आल्याशिवाय जेवणाचा डबा उघडत नाही. त्या दिवशी पलीकडच्या इमारतीत कुणी अडकल्याचा फोन आला. मामा तसाच धावला; तार राहिली. दुसऱ्या दिवशी दार उघडं असतानाच लिफ्ट वर गेली आणि एक निवृत्त मास्तर खड्ड्यात पडले. मांडीचं हाड मोडलं. अकराव्या दिवशी ते हॉस्पिटलमध्येच वारले.

कोर्टात सगळं एकाच प्रश्नावर येऊन ठेपलं: मास्तर कशाने गेले? पडल्यामुळे म्हटलं, की मामा तुरुंगात.

डॉक्टर म्हणाले, "हाड जुळत होतं. चार दिवसांत घरी सोडणार होतो. त्यांना न चालणारं इंजेक्शन दिलं गेलं. फाइलवर लाल अक्षरांत लिहिलं होतं तरी."

आमच्या वकिलांचा चेहरा खुलला. तेवढ्यात न्यायाधीशांनी विचारलं, "पडले नसते, तर ते हॉस्पिटलात आले असते?"

"नाही."

वकिलांचं पेन थांबलं. मामा कठडा धरून उभा होता.

"आणि नुसत्या पडण्याने दगावले असते?"

डॉक्टरांनी कागद दोनदा चाळले. "नाही."

निकाल लागला. निष्काळजीपणाने जबर दुखापत केली, हा दोष मामाचा. त्याची शिक्षा कोठडीत आधीच काढलेल्या दिवसांएवढीच, म्हणजे मामा सुटला. मृत्यूचं कारण मात्र इंजेक्शन, मामा नव्हे. मी तिथेच रडले, लाज न बाळगता.

बाहेर मास्तरांची बायको थांबली होती. "मला कायदा कळत नाही," त्या मामाला म्हणाल्या. "तुमची तार नसती, तर आज ते घरी असते का?"

वकिलांनी मामाचा दंड धरला. "गप्प बसा. अजून अपील होऊ शकतं."

मामाने दंड सोडवून घेतला. "असते, वहिनी."

"मग तेवढं माझ्या लेकीला सांगाल? ती म्हणते, आई, तू त्यांना एकट्याला खाली पाठवलंस म्हणून बाबा गेले."

"कुठे आहे ती?" मामाने विचारलं.