मनूनं स्वतः घातलेलं गाऱ्हाणं

लेकीच्या अभ्यासासाठी मी ग्रामदेवीला कौल लावायला गेले, तेव्हा माझ्या मनात भक्ती कमी आणि राग जास्त होता. देवीवरसुद्धा रागच होता. मी मंगळवार धरायचे आणि घरी मनू पुस्तकावर डोकं टेकून झोपलेली असायची. ती तेव्हा दहावीला होती. नववीपर्यंत पहिल्या पाचांत असणारी मुलगी सहामाहीला इतकी घसरली, की बाईंनी आम्हा दोघांना शाळेत बोलावून घेतलं. जावेच्या मुलीला आदल्याच वर्षी नव्वदच्या वर मार्क पडलेले. आमच्या घरात अशा गोष्टी कोणी बोलून दाखवत नाही, पण जेवताना प्रत्येकाच्या तोंडावर दिसतात.

मी काही करायची बाकी ठेवली नाही. शाळेआधी एक क्लास, शाळेनंतर दुसरा. मोबाइल माझ्या कपाटात. डोक्याला ब्राह्मीचं तेल, सकाळी भिजवलेले बदाम. उठत नाही म्हणून तोंडावर पाणी मारायचे. 'कुंभकर्णाची बहीण' हे नावही मीच पाडलं आणि ते सगळ्यांना इतकं आवडलं, की आलेगेलेसुद्धा तिला तसंच चिडवू लागले. ऐन उकाड्यात आम्ही घामानं निथळत असताना ती पंखा बंद करून चादर पांघरून बसायची. मला ते अभ्यास टाळायचं सोंग वाटायचं. केस गळत होते, तोंड सुजल्यासारखं दिसत होतं, आवाज घोगरा झाला होता. खाऊन लोळल्यावर दुसरं काय होणार, असं मी तिला चारचौघांत म्हटलं. आज ते वाक्य आठवलं की माझीच मला लाज वाटते.

पूर्वपरीक्षा तोंडावर आली, तेव्हा मी तिला घेऊन गावच्या देवळात गेले. ह्यांची मिरजोळ्याच्या कारखान्यात पाळी होती, म्हणून आम्ही दोघीच. आमच्याकडे कौल लावायचा म्हणजे गुरव देवीला ओल्या पाकळ्या चिकटवतात आणि आपलं म्हणणं तिच्या कानावर घालतात. त्याला गाऱ्हाणं म्हणतात. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. काय सांगायचं ते मी गुरवकाकांना आधीच पढवलं होतं.

"आई, ही तुजी लेकरं तुज्या पायाशी आली हायत," त्यांनी सुरुवात केली. "पोरीच्या अंगातला आळस काढ, तिला पयल्या नंबरात आण आणि उजवा कौल दे."

पाकळी हलली नाही. त्यांनी पुन्हा गाऱ्हाणं घातलं. तरी दोन्ही पाकळ्या जागच्या जागी. हवा दमट होती, त्यानंही असेल. गुरवकाका माझ्याकडे वळले.

"गाराणं कोणाचं गो? तुजं का पोरीचं?"

"पोरीचंच की."

"मग ती काय मुकी हाय? जिचं तिला बोलू दे."

मनू पुढे झाली. मला वाटलं, आता ही लाजेल. तिनं हात जोडले आणि त्या घोगऱ्या आवाजात सावकाश बोलू लागली. "देवी, मी आळशी नाही. मला उठायचं असतं, पण उठवत नाही. वाचलेलं लक्षात राहत नाही. सारखी थंडी वाजते. मला नंबर नको, नुसतं बरं वाटू दे. आणि मी खोटं बोलत नाही, हे आईला सांग."

मी हातभर अंतरावर उभी होते. माझ्याशी बोलायला माझ्या मुलीला देवी मध्ये घालावी लागली.

आमच्यामागे ओटी घेऊन एक बाई उभ्या होत्या. सासर मिरकरवाड्याचं, माहेर आमच्याच गावचं. ओळख ना पाळख, त्या सरळ पुढे आल्या. "बाय माजे, जरा मान वर कर बगू." गळ्यापाशी थोडी सूज होती. रोज वेणी घालताना मला ती दिसली नव्हती. "माजा आवाज असाच बसलेला. थायरॉइड निगाला. काडे देत बसू नको हो, रक्त तपासून घे." या गडबडीत कौल कुठल्या बाजूला पडला, ते मी पाहिलंच नाही.

रक्तात तेच निघालं. डॉक्टरांनी नीट समजावलं. गळ्यातली ही ग्रंथी शरीराच्या सगळ्या कामांना वेग देते. मनूचं शरीर स्वतःच या ग्रंथीवर उलटलं होतं, त्यामुळे सगळंच मंदावलं होतं. रोज सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर गोळी, चहा-दूध अर्ध्या-पाऊण तासानं. मी देत होते ती लोहाची गोळी चार तासांनी. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासून मात्रा ठरवायची. मी विचारलं, "मग परीक्षेपर्यंत होईल ना?" डॉक्टरांनी चिठ्ठी माझ्याऐवजी मनूच्या हातात दिली. तो प्रश्न मला अजून टोचतो.

ती हळूहळू सुधारली, तशी माझी जुनी खोड वर आली. एवढ्याशा वयात रोजची गोळी, उद्या लग्नाच्या वेळी लोक काय म्हणतील? गोळी बंद करू का, असा कौल लावायला मी पुन्हा देवळात गेले. गुरवकाकांनी पाकळ्यांना हातसुद्धा लावला नाही. "देवीनं पोर डाक्टराच्या पदरात घातली. आता तू मधी कडमडू नको." मी परतले. गोळी आजही चालू आहे.

दहावीला तिला बेताचेच मार्क पडले. त्यानंतर एका सकाळी मी तिला म्हटलं, "मनू, चुकले गं मी." ती केस विंचरत होती. म्हणाली, "आई, तू सारखी म्हणायचीस ना, म्हणून मलापण वाटायला लागलं होतं की मी आळशीच आहे. त्या दिवशी देवीपुढे 'नाही' म्हणाले ना, ते खरं आहे की नाही, मलाच माहीत नव्हतं."

ग्रंथीचं काम गोळी करते. मी तिच्या मनात जे घातलं, त्याला औषध नाही. ते माझं मलाच निस्तरायचं आहे, जन्मभर. आता देवीसमोर उभी राहते तेव्हा मागणं ओठांवर येत नाही. हात जोडते आणि एवढंच म्हणते, आई, त्या दिवशी माझं ऐकलं नाहीस, फार उपकार झाले.