एका चेंडूला एक विडी

पत्रा गळायला लागला की आई आधी तंबाखूची टोपली झाकायची, मग आम्हा भावंडांना. तिने वळलेल्या विड्यांवरच मी बी. ए. झाले, घरातली पहिली.

आईच्या विड्या कारखान्यात द्यायला मी जायचे, तेव्हा रांगेत एक मावशी भेटायची. नाव मी कधी विचारलं नाही. बायकांच्या वर्ल्डकपचे सामने मोबाईलवर ऐकत ती घरी विड्या वळायची, एका चेंडूला एक. भारताने चौकार मारला की आनंदात हात सैल पडायचा, आणि नेमक्या त्याच विड्या तपासनीस बाजूला काढायचा.

फायनलच्या आदल्या दिवशी तो वैतागला. “मावशी, पुन्हा ढिल्या आणल्यास तर विडीची पानं देणं बंद. काम बंद.”

“मग पोरींना सांगू व्हय, चौकार मारू नका म्हणून?”

रांग हसली. तिचा चेहरा मात्र उतरला. धीर द्यायला मी माझं शिक्षण पाजळलं, “मावशी, बायकांचा वर्ल्डकप पुरुषांच्या आधी दोन वर्षं सुरू झालाय.”

“त्यात काय नवल? घरात बी बाईच आदी उठती की!”

कॉलेजात एवढं नेमकं मला कुणी सांगितलं नव्हतं.

फायनलनंतर तपासनिसाने तिची एकेक जुडी दाबून पाहिली. सगळ्या विड्या कडक.

“काल सामना ऐकला नाहीस वाटतं?”

“ऐकला की! शेवटपत्तुर जीव मुठीत होता. विडी ढिली पडंलच कशी?”

भारताच्या पोरींनी वर्ल्डकप जिंकला होता आणि मावशीची एकही विडी परत आली नव्हती.