तीन आत, एक बाहेर

म्हाकूलसरांनी जन्मात मासा खाल्ला नाही, आणि तरी भाट्याच्या किनाऱ्यावर रांपण ओढून झाली की जाळ्यात पहिला हात घालायचा मान त्यांचा असायचा. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, सायकल वाळूत आडवी टाकलेली, हातात झाकणाची बादली. बायका बांगडे आणि पेडवे वेगळे करायला बसायच्या आत सर वाकून विचारायचे, "जिवंत आहे का? मेलेलं नको मला." मासे घेताना ताजं आहे का हे सगळेच विचारतात. जिवंत आहे का, असं विचारणारं गिऱ्हाईक रत्नागिरीत एकच होतं.

सर आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. त्यांना हवं असायचं म्हाकूल, म्हणजे समुद्रातलं ते दहा हातांचं, बिनकाट्याचं मऊ जनावर, कारण म्हाकुलाच्या अंगात एक मज्जातंतू इतका जाड असतो की तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो. माणसाचा तंतू बघायचा तर सूक्ष्मदर्शक लागतो. "देवाने हा प्राणी फक्त प्राणिशास्त्राच्या मास्तरांसाठी केला," सर म्हणायचे. "बाकीचे लोक तो तळून खातात, हा त्यांचा गैरसमज." म्हाकूल घाबरलं की शाई सोडतं, त्यामुळे इतर प्राध्यापकांच्या खिशाला शाईचे डाग असत आणि सरांच्या पोटावर.

घरी काकूंचं सोवळं कडक. सर किनाऱ्यावरून आले की मागच्या पडवीत कपडे काढून, विहिरीवर दोन बादल्या अंगावर ओतून मगच उंबरा ओलांडायचे. ही अडचण त्यांनी अभ्यासक्रमात घातली होती. वर्गात फळ्यावर पेशीचं पटल काढून ते सांगायचे, "मज्जापेशीच्या टोकाला कॅल्शियम आत शिरलं की निरोप पुढे पोचतो. पण ते आत राहून चालत नाही. राहिलं, तर पेशी मरते. म्हणून पटलात एक अदलाबदल्या बसलेला असतो. तो तीन सोडियम आत घेतो आणि एक कॅल्शियम बाहेर टाकतो. आमच्याकडे हे काम आमची ही करते. मी आत, कपडे बाहेर." 'अदलाबदल्या' हा शब्द पुस्तकात नव्हता. तो सरांनीच पाडला होता. परीक्षेत आम्ही तो लिहायचो आणि बाहेरचे परीक्षक मार्क कापायचे.

त्या शेवंती मावशीची गोष्ट तर कॉलेजात दरवर्षी नव्या मुलांना सांगितली जायची. मावशी किनाऱ्यावर मासे विकायची. एकदा सरांना ताप होता, कॉलेजात येण्यापुरतंच बळ होतं, म्हणून त्यांनी तिला निरोप धाडला की एक म्हाकूल कॉलेजात पोचतं कर. मावशी आली. डब्यात म्हाकूल पांढरंशुभ्र, साल काढलेलं, आतलं सगळं काढून दोन पाण्यांनी धुतलेलं, वर मीठ-हळद लावलेली. सर डब्याकडे बघतच राहिले.

"मावशी, ह्याच्या आतलं सगळं कुठंय?"

"ता मांजराला घातला. अवो, तुमी बामन मानूस, तुमाला साफ कराया जमायचा नाय म्हनून मीच करून आनला. पैसं नको त्याचं."

सरांचा मज्जातंतू मांजराच्या पोटात गेला होता. सर मावशीला म्हणाले, "फार उपकार झाले." ते खरंच तसं म्हणाले, आणि डबा शिपाई तात्यांना दिला. तात्यांच्या घरी त्या दिवशी सणच झाला.

माझी आणि सरांची ओळख मात्र म्हाकुलामुळे झाली नाही, पत्रकांमुळे झाली. माझे वडील मुंबईला गिरणीत. सुट्टीवर गावी आले की त्यांच्या ट्रंकेत खाऊ थोडा आणि पत्रकं जास्त. आमच्या घरात पुस्तक एकच, पंचांग. बाकी वाचायला पत्रकं. माझ्या वह्यांना कव्हरं पत्रकांची, फडताळात अंथरलेली पत्रकं, आणि मी अक्षरं जुळवायला शिकले ती 'कामगार बंधूंनो' पासून. त्यामुळे लांज्याहून एसटीने कॉलेजात यायला लागल्यावर पहिल्या सहामाहीतच मी स्वतःचं पत्रक काढलं. सायक्लोस्टाइल केलेलं, शेवटी तीन उद्गारचिन्हं. सरांना मी ते दिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनीच ते मला परत दिलं. मी लिहिलं होतं, 'विद्यार्थ्यांमध्ये प्रचंड असंतोष पसरला आहे.' समासात लाल शाईने एकच शब्द होता : 'पुरावा?'

मला असा राग आला की सांगता सोय नाही. पुढच्या प्रत्येक पत्रकाची पहिली प्रत मी मुद्दाम त्यांच्या टेबलावर नेऊन आपटायचे. प्रत्येक प्रत लाल होऊन परत यायची. बदल्यात ते मला त्यांची पत्रकं दाखवायचे. सर परदेशातल्या शास्त्रज्ञांना पोस्टकार्डं टाकून त्यांचे निबंध मागवायचे, आणि ते लोक खरंच पाठवायचे. रत्नागिरीतल्या एका मास्तराला फुकट! पोस्टमन ती लांब पाकिटं आणायचा तेव्हा सरांचा चेहरा मुंबईची मनिऑर्डर आल्यासारखा व्हायचा.

एकदा मी त्यांना पकडलं. ते सांगत होते, की हा अदलाबदल्या म्हणजे एक प्रथिन आहे, पण अजून कोणी ते वेगळं काढून हातात धरलेलं नाही. मी बाकावरून उठून म्हटलं, "मग सर, पुरावा?"

वर्ग हसला. सर इतके खूश झाले की खडू खाली पडला. "आता कशी बोललीस! ऐक. तंतूच्या बाहेरच्या पाण्यातलं सोडियम काढून घेतलं, की आतलं कॅल्शियम बाहेर पडायचं मंदावतं. सोडियम परत घातलं, की पुन्हा पडायला लागतं. दारात कोण आहे ते दिसत नाही, पण कोणीतरी आहे. तोवर एवढाच पुरावा. तुझ्या पत्रकांत तेवढा तरी घाल."

सरांची एकच इच्छा होती. तरुणपणी मुंबईच्या एका प्रयोगशाळेत त्यांनी दोन वर्षं काढली होती. तिथे म्हाकुलाच्या तंतूतून जाणारा निरोप त्यांनी पडद्यावर हिरव्या रेघेत उमटताना पाहिला होता. वडील अंथरुणाला खिळले म्हणून ते परत आले ते कायमचेच. तीच रेघ एकदा रत्नागिरीच्या मुलांना दाखवायची, एवढंच त्यांना हवं होतं. त्याला लागतो ऑसिलोस्कोप, आणि आमच्या प्रयोगशाळेत साधी विजेरीही तात्यांच्या घरून यायची. निवृत्तीच्या वर्षी मात्र तंत्रनिकेतनातल्या एका ओळखीच्या शिक्षकाने त्यांना ते यंत्र एका आठवड्याच्या बोलीवर दिलं. सोमवार ते शनिवार. सरांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं : 'म्हाकूल मिळेल त्या दिवशी, सर्वांनी.'

आणि त्याच सोमवारी मी कॉलेज बंद केलं.

कारण फालतू नव्हतं, हे मी आजही सांगेन. खेड्यांतून येणाऱ्या आम्हा मुलींना बारा वाजता तास संपल्यावर चारच्या गाडीपर्यंत बसायला कॉलेजात एकच खोली होती. तिला नळ होता आणि मागे संडास होता. ती खोली कॉलेजने मोडकी बाकं ठेवायला घेतली. चार तास मुली झाडाखाली बसायच्या आणि पाणी प्यायच्या नाहीत. का, ते बायकांना सांगावं लागत नाही. मी पत्रक लिहिलं, खाली ठळक शब्द घातला : 'बेमुदत'.

सरांनी ते पत्रक वाचलं. पहिल्यांदाच त्यात 'पुरावा?' नव्हता. खोलीत किती बाकं आहेत, झाडाखाली किती मुली बसतात, सगळं मी मोजून लिहिलं होतं. फक्त 'बेमुदत' खाली लाल रेघ होती आणि पुढे लिहिलं होतं : 'निरोप पोचल्यावर काय करणार?' मी ते गंभीरपणे घेतलं नाही. मंगळवारी प्राचार्यांनी लेखी कळवलं, की शनिवारपर्यंत खोली मोकळी करून देतो. आमच्यातल्या निम्म्यांचं म्हणणं, बंद मागे घेऊ. मी म्हटलं, किल्ली हातात आल्याशिवाय नाही.

सोमवारी आणि मंगळवारी जाळ्यात म्हाकूल आलं नव्हतं. बुधवारी आलं. नऊच्या सुमाराला सर घाटीवरून सायकल ढकलत आले. बादलीचं झाकण आतून थडथडत होतं. मागून शेवंती मावशी, डोक्यावर पाण्याची कळशी, समुद्राचंच पाणी. फाटकात आम्ही तीसेकजण साखळी धरून उभे. माझ्या शेजारी जयगडचा दिलीप, आमच्यातला सगळ्यात कडक.

सर थांबले. मी म्हटलं, "सर, आज कोणी आत जायचं नाही."

"माहीत आहे. पत्रक वाचलंय मी."

"तुम्हीही नाही, सर."

"मी काय वेगळा आहे?" सर म्हणाले. त्यांनी बादलीत डोकावून बघितलं. "पण ह्याने पत्रक वाचलेलं नाही. ह्याच्याकडे अर्धा तास आहे."

मावशी मात्र उसळली. "गो बाय, मास्तर अख्खा जलम ह्या एका दिसासाठी थांबलाय. सोड की त्यास्नी!"

माझे हात साखळीवर होते. मी ते सोडले असते तर साखळी सुटली असती, आणि दिलीप मला जन्मभर गद्दार म्हणाला असता. खरं सांगायचं तर दिलीपची भीती नव्हती. मीच मला म्हणाले असते. मी हात सोडले नाहीत.

सरांनी मान हलवली आणि फाटकाच्या सळ्यांतून आत हाक मारली. "तात्या! माझा मेणाचा ट्रे, कात्री, टाचण्या, दोन तारा आणि टेबलावरच्या दोन बाटल्या आण. आणि तुझी विजेरी." मग माझ्याकडे वळले. "कोणी आत जायचं नाही असं लिहिलंयस तू. काही बाहेर यायचं नाही असं लिहिलेलं दिसत नाही."

खरंच लिहिलेलं नव्हतं.

तात्यांनी फाटकावरून एकेक वस्तू खाली दिली. सर फाटकालगतच्या गडग्यावर, जांभ्या दगडांच्या बुटक्या कुंपणावर, ट्रे ठेवून उभे राहिले आणि म्हाकूल उघडून टाचण्यांनी बसवलं. साखळी हळूहळू वाकडी झाली, मग अर्धी गोल झाली. दिलीप ओरडला, "हा तास आहे! बंद फुटतोय!"

"हजेरी घेतलेली नाही," सर मान वर न करता म्हणाले. "तेव्हा हा तास नव्हे. हे म्हाकूल साफ करणं आहे. हो की नाही, मावशी?"

"ह्याला साफ करनं म्हनत असशीला तं..." मावशी म्हणाली, पण तीही वाकून बघत होती.

आत पांढऱ्या दोऱ्यासारखा तो तंतू दिसला. सरांनी विजेरीच्या सेलला दोन तारा जोडल्या आणि त्याला टेकवल्या. मेलेलं म्हाकूल टाचण्यांसकट आखडलं. मुली किंचाळल्या. मग सरांनी पहिल्या बाटलीतलं पाणी ट्रेमध्ये ओतलं. त्यांनी ते स्वतः तयार केलं होतं, समुद्राच्या पाण्यासारखंच, फक्त कॅल्शियम नसलेलं. बदलत बदलत दहा मिनिटं तेच पाणी घातलं आणि पुन्हा तारा टेकवल्या. काही नाही. पुन्हा टेकवल्या. काही नाही.

"तंतूतून निरोप जातोय," सर म्हणाले. "पण टोकाला कॅल्शियम नाही, म्हणून स्नायूपर्यंत पोचत नाही. बिचारा ओरडतोय आणि ऐकायला कोणी नाही." मग मावशीच्या कळशीतलं पाणी घातलं. थोडं थांबून तारा टेकवल्या. म्हाकूल आखडलं, आधीपेक्षा कमी, पण आखडलं. टाळ्या वाजल्या. पहिली टाळी दिलीपची होती. तो हे आता नाकारतो.

"आणि दुसरी बाटली, सर?" कोणीतरी विचारलं.

"ती अदलाबदल्याची, बिनसोडियमची. त्याचं काम असं गडग्यावर दिसत नाही." सरांनी हात पुसले. "तो फक्त निरोप पोचल्यावर दार साफ करतो. त्याला कोणी टाळ्या वाजवत नाही."

आत प्रयोगशाळेत यंत्र कापडाखाली झाकलेलं होतं. सरांनी त्या दिशेला एकदा बघितलं. मी ते बघितलं.

शनिवारी संध्याकाळी प्राचार्यांनी खोलीची किल्ली माझ्या हातात दिली, मंगळवारी लिहून दिलं होतं अगदी त्याप्रमाणे. यंत्र दुपारीच परत गेलं होतं. सरांनी मला विचारलं, "नळाला पाणी येतं ना?" मी हो म्हटलं. "छान," ते म्हणाले, आणि सायकल घेऊन गेले. त्या उन्हाळ्यात निवृत्त होऊन ते केळशीला, आपल्या गावी, राहायला गेले.

किल्ली हातात मागणं बरोबर होतं का, ह्याबद्दल माझं मत अजून दर आठवड्याला बदलतं. पण त्यानंतर मी 'बेमुदत' हा शब्द लिहिलेला नाही. माझ्या पत्रकात शेवटी एक ओळ असतेच, काय झालं म्हणजे आम्ही घरी जाणार. काही सोबती हसतात. हसू देत.

सर गेल्या पावसाळ्यात गेले. त्याच्या आदल्या वर्षी मी धीर करून त्यांना पत्र लिहिलं होतं. दोन पानं, माफीची. त्या बुधवारी मी काय अडवलं हे मला तेव्हा कळत होतं, तरी मी हात सोडले नाहीत, असं सगळं लिहिलं. आठ दिवसांनी पाकीट आलं. आत माझंच पत्र, परत. 'आयुष्यभराचं स्वप्न' मधल्या पहिल्या शब्दावर लाल काट आणि वर लिहिलेलं : 'एका रेघेचं.' तळाशी : 'शेवंतीला सांग, इथे म्हाकूल बरं मिळतं, पण साफ करून देत नाहीत.'

आणि मी लिहिलं होतं, 'तुम्ही मनातून माझ्यावर रागावला असालच.' त्या ओळीपुढे समासात, थरथरत्या पण ओळखीच्या अक्षरात, एकच शब्द होता.

'पुरावा?'